‘एकच प्याला’चा अभ्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासवर्गाला बी.ए., एम.ए.ची मुलं येतात, स्पर्धेसाठी प्रवेश बसवणारी मंडळी येतात आणि ‘आमच्या वडिलांनी बालगंधर्वांची सिंधू पाहिली होती’ अशी सुरुवात करणारे एखादे आजोबाही येतात. राम गणेश गडकऱ्यांच्या या नाटकाबद्दल सगळ्यांचे प्रश्न मात्र साधारण तेच असतात, म्हणून ते एकदा लिहून काढले. कुठूनही वाचा, फक्त सुधाकरबद्दलचं उत्तर टाळू नका. बाकीची बरीच उत्तरं त्यावर उभी आहेत.

कथानक थोडक्यात सांगाल का?

सुधाकर हा हुशार, तडफदार वकील. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि त्याची सनद सहा महिन्यांसाठी जाते. अपमानाने पोळलेल्या सुधाकरला त्याचा कारकून तळीराम दारूची वाट दाखवतो. पुढे सगळी उतरणच. बायको सिंधू श्रीमंत माहेरची, पण भाऊ पद्माकर न्यायला आला तरी ती नवऱ्याला सोडत नाही; दळण दळून घर चालवते. मधे सुधाकर एकदा दारू सोडतो, काम शोधायला बाहेर पडतो, जागोजागी पाणउतारा होतो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. शेवटी नशेत आणि संशयात तो काठी उगारतो. तान्हं मूल जातं, सिंधू जायबंदी होते. मरतामरता ती फौजदाराला खोटी जबानी देऊन नवऱ्याला वाचवते, आणि सुधाकर दारूत विष घालून पितो. सुधाकरचा मित्र रामलाल, बालविधवा बहीण शरद, दारूतून सुटलेला भगीरथ आणि तळीरामाची बायको गीता ही बाकीची महत्त्वाची माणसं.

लेखनाचा आणि पहिल्या प्रयोगाचा काळ कोणता?

गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी सावनेरला वारले, वय अवघं 33. गंधर्व नाटक मंडळीने नाटक त्याच वर्षी फेब्रुवारीत रंगभूमीवर आणलं. म्हणजे लेखकाने आपलं सर्वांत गाजलेलं नाटक रंगमंचावर पाहिलंच नाही. सिंधू बालगंधर्वांनी केली आणि सुधाकर गणपतराव बोडसांनी. पदं गडकऱ्यांची नाहीत, विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. दर वर्षी निम्मा वर्ग पदांचं श्रेय गडकऱ्यांना देतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

हे नाटक म्हणजे दारूबंदीचा प्रचार आहे, असं लिहिलं तर चालेल?

चालेल, पण ते नाटकाबद्दल लिहिलेलं नसेल, दारूबद्दल लिहिलेलं असेल. व्यसनमुक्तीच्या भाषणात आणि या नाटकात फरक कुठे पडतो, ते शोधणं हाच तुमचा अभ्यास.

पार्श्वभूमी खरी आहे. 1908 साली पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने मद्यपानविरोधी चळवळ झाली, दारूच्या दुकानांवर स्वयंसेवक पहारा देत उभे राहिले. गडकरी त्या पुण्यात वावरलेले. दारूचा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता, आणि नाटकात उपदेशाचा सूर आहे हेही नाकारायचं कारण नाही. रामलाल बोलायला लागला की तो ऐकू येतोच.

पण प्रचाराला सोपी माणसं लागतात. प्यायला म्हणून बुडाला, एवढ्यावर त्याचं काम भागतं. गडकरी तेवढ्यावर थांबत नाहीत. सुधाकर दारू सोडूनही दाखवतो, आणि नाटकाचा खरा घाव तिथे आहे. सोडल्यावर त्याचं काय होतं? ज्या सभ्य, न पिणाऱ्या जगात परत जायचं, ते त्याला उभं करत नाही. प्रचारकाने हा भाग लिहिलाच नसता, त्याच्या मुद्द्याला तो अडचणीचा आहे.

सुधाकरचा नेमका दोष कोणता? दारू की संशय?

दोन्ही नाही. दोष म्हणजे त्याचा मानीपणा. आम्ही वर्गात हा मुद्दा इतक्यांदा सांगतो की मुलं कंटाळतात, तरी उत्तरपत्रिकेत पुन्हा ‘दारूमुळे सुधाकरचा ऱ्हास झाला’ येतंच.

त्याच्या हातात प्याला केव्हा केव्हा येतो, ते क्रमाने पाहा. पहिल्यांदा सनद गेल्यावर. सहा महिने काही फार नसतात. वकिलाच्या आयुष्यात ते निघून जातात. पण सुधाकरला पैशाची चिंता जाळत नाही, चारचौघांत मान खाली गेली ही गोष्ट जाळते. तळीराम त्याला सुख विकत नाही, विसर विकतो. दुसऱ्यांदा प्याला येतो तो सोडल्यानंतर. शरीराची तलफ हे एक कारण असेल, पण गडकरी आपल्याला दाखवतात ते लोकांनी केलेले अपमान. काम मागायला गेलेल्या माणसाला लोक त्याची जुनी ओळख तोंडावर फेकतात. दुसरा एखादा, थोडा निबर माणूस ते गिळून पुढच्या दारात गेला असता. सुधाकरला ते जमत नाही. आणि तिसऱ्यांदा, अगदी शेवटी, सिंधूने खोटं बोलून त्याला कायद्यापासून सोडवल्यावर. त्या माफीच्या आधाराने जगणं त्याला शक्यच नाही. तो स्वतःचा न्याय स्वतःच करतो. त्यात पश्चात्ताप आहेच, पण मुन्सफापुढे न झुकलेला वकीलही त्यात आहे.

म्हणजे ज्या स्वभावामुळे सुधाकर आपल्याला पहिल्या अंकात आवडतो, त्याच स्वभावामुळे तो मरतो. हे दिसलं की व्यक्तिरेखेचं विश्लेषण सुरू झालं असं समजा. गुण आणि दोष असे दोन रकाने पाडले की सुधाकर हातचा जातो. इथे दोन्ही रकान्यांत एकच शब्द लिहावा लागतो.

संशयाचं म्हणाल तर तो फार उशिरा येतो. नशेने आणि कमीपणाच्या भावनेने मन पोखरल्यावर त्यात कुणीही काहीही पेरावं, अशी अवस्था होते. संशय हे फळ आहे, त्याला मूळ समजू नका.

मग ही शोकांतिका म्हणायची की नुसतं रडवणारं नाटक?

अ‍ॅरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये म्हटलंय की शोकांतिकेचा नायक पूर्ण सज्जनही नसावा आणि दुष्टही नसावा, त्याचं पतन दुष्टपणाने नाही, एखाद्या मोठ्या चुकीमुळे व्हावं. या मापाने सुधाकर चपखल बसतो. पण अ‍ॅरिस्टॉटलच्या मनातला नायक मोठ्या घराण्यातला, थोर कीर्तीचा. सुधाकर एका गावातला वकील. गडकऱ्यांनी राजवाडा सोडून ओटी आणि माजघर घेतलं. राजा पडतो तेव्हा राज्य हादरतं, सुधाकर पडतो तेव्हा एक पाळणा रिकामा होतो. आमच्या मते दुसरं जास्त जिव्हारी लागतं, पण हे मत आहे, तुम्ही उलटं मांडलंत तरी हरकत नाही.

ज्यावर वाद घालण्यासारखा आहे तो शेवट. मूल, सिंधू आणि सुधाकर असे एकामागोमाग मृत्यू झाल्यामुळे तो अतिरंजित वाटतो, अशी टीका वर्गात दर वर्षी कुणी ना कुणी करतो. तिला उत्तर देताना मृत्यू मोजू नका. प्रत्येक मृत्यू आधीच्या प्रवेशातून निघतो की वरून लादला जातो, एवढं तपासा. मुलाच्या मृत्यूपर्यंत साखळी घट्ट आहे. त्यानंतर लेखकाची घाई जाणवते, हे आम्हालाही मान्य आहे.

भारतीय परंपरेत शोकांतिका नव्हतीच, असं सरसकट विधान करू नका. भासाचं ‘ऊरुभंग’ दुर्योधनाच्या मृत्यूवर संपतं. अपवाद असेल, पण आहे.

तळीराम खलनायक आहे का? त्याला इयागो म्हणता येईल?

म्हणू नका. ‘ऑथेल्लो’तला इयागो आखणी करतो, प्रेक्षकांना विश्वासात घेऊन सांगतो की आता मी असं करणार. तळीरामाला सुधाकरचा नाश करायचा नाहीच. त्याला प्यायला सोबत हवी आहे. दारूवर त्याची खरी निष्ठा आहे आणि आपण धन्याचं भलं करतोय असंही त्याला वाटत असावं. म्हणून तो जास्त ओळखीचा वाटतो. इयागो आपल्याला आयुष्यात सहसा भेटत नाही, तळीराम प्रत्येक ऑफिसात असतो.

तुलना करायचीच असेल तर मराठीतल्या तुलनेचं सोपं साधन आहे: देवलांचं ‘झुंझारराव’. 1890 सालचं, ‘ऑथेल्लो’वरून केलेलं. त्यातलं कपट आणि तळीरामाची गोडी शेजारी ठेवून वाचा.

शोकांतिकेत इतका विनोद कशाला?

हा प्रश्न आर्यमदिरामंडळाच्या प्रवेशांमुळे येतो. दारुड्यांचं रीतसर मंडळ! तिथे चर्चा झडतात, तत्त्वज्ञान मांडलं जातं आणि पिण्याला चळवळीची प्रतिष्ठा मिळते. मन्याबापू मवाळ आणि जनूभाऊ जहाल ही नावंच पाहा. 1907 च्या सुरत काँग्रेसमध्ये मवाळ-जहाल फुटले, त्याला तेव्हा फार वर्षं लोटली नव्हती. प्रेक्षक कुणाला हसत होता हे वेगळं सांगायला नको. ज्या शहरात दोन माणसं भेटली की मंडळ काढतात आणि तिसरा आला की त्यात फूट पडते, तिथे हे आजही लागू आहे.

पण हे प्रवेश नुसतं मन हलकं करायला घातलेले नाहीत. सुधाकर ज्या जगात शिरतो आहे त्याचं आकर्षण दाखवल्याशिवाय त्याचं शिरणं पटलं नसतं. बाहेरचं जग त्याचा अपमान करतं. मंडळात त्याचं स्वागत होतं, हशा असतो, बरोबरी असते. प्रेक्षक हसतो तेव्हा तोही त्या बैठकीत बसलेला असतो. पुढे दृश्य बदलतं आणि हसल्याची शरम वाटते.

आजारी तळीरामाभोवती डॉक्टर आणि वैद्य भांडतात तो प्रवेश याच जातीचा. आजारी माणूस राहतो बाजूला आणि पॅथीचा वाद रंगतो. बाळकराम या नावाने विनोदी लेखन करणारे गडकरी आणि गोविंदाग्रज या नावाने कविता लिहिणारे गडकरी इथे एकाच पानावर भेटतात.

सिंधू आजच्या वाचकाला पटत नाही. तसं लिहावं का?

लिहावं, पण लगेच नाही. आधी ती काय करते ते नीट मांडा आणि मग भांडा.

सिंधूला ‘आदर्श पतिव्रता’ म्हणून मोकळं होणं हा आळस आहे, आणि ‘पुरुषसत्तेचा बळी’ म्हणून मोकळं होणं हाही आळसच. दोन्ही लेबलं तिला गप्प करतात. नाटकात सिंधूपुढे पर्याय आहे, ही पहिली नोंद करा. भाऊ न्यायला येतो, घर आहे, पैसा आहे. ‘कशी या त्यजू पदाला’ हे पद त्या निवडीचं आहे. ती राहते कारण तिला राहायचं असतं. आपल्याला ती निवड चुकीची वाटू शकते, पण ती निवड आहे. दुसरं, ती राबते. जात्यावरची सिंधू ही मराठी रंगभूमीवरची एक ठसलेली प्रतिमा आहे. श्रीमंत घरची लेक दुसऱ्याचं धान्य दळते आहे आणि त्यात तिला कमीपणा वाटत नाही. तिच्या नवऱ्याला नेमकं हेच जमलेलं नसतं! अपमान झाला की तो कोसळतो, ती पदर खोचते. सुधाकरच्या मानीपणाचं खरं मोजमाप सिंधूच्या शेजारीच होतं.

तिसरी आणि सर्वांत अवघड जागा म्हणजे शेवटची जबानी. आयुष्यभर खरेपणाने वागलेली बाई फौजदारासमोर खोटं बोलते. मूल गेलेलं आहे, ती स्वतः जाणार आहे आणि ज्याने हे केलं त्याला ती वाचवते. इथे प्रेक्षागृह रडतं. वर्गात मात्र इथे भांडण होतं. एका मुलीने सरळ विचारलं होतं: ‘सर, त्या बाळाची बाजू कोण घेणार?’ उत्तर नाटकात नाही. सिंधूची क्षमा नाटक इतकी उंच नेतं की बाळाला न्याय मिळाला का, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. पद्माकर रागावतो, पण त्याच्या रागाला नाटकाची साथ नाही. ही आमच्या मते गडकऱ्यांची मर्यादा आहे, आणि ती लिहिण्यात काहीही गैर नाही. फक्त ‘त्या काळी तसंच होतं’ असं म्हणून सोडून देऊ नका. त्याच नाटकात गीता आहे.

गीतेबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. ती महत्त्वाची आहे?

खूप. गीता म्हणजे तळीरामाची बायको, सिंधूसारखीच दारुड्याच्या घरात अडकलेली. पण ती बोलते, फटकळपणे बोलते आणि तिला नवऱ्याबद्दल कसलाही भ्रम नाही. एकाच नाटकात, एकाच संकटात, दोन बायका दोन तऱ्हांनी वागतात. म्हणजे सिंधूसारखं वागणं हा त्या काळातला एकमेव मार्ग नव्हता, हे गडकऱ्यांनीच दाखवून ठेवलंय. मात्र पदं, अश्रू आणि शेवटचा प्रकाशझोत सिंधूला मिळतो. गीतेला टाळ्या मिळतात. लेखकाचं मन कुणाकडे आहे हे यावरून कळतं.

रामलाल-शरद-भगीरथ हे उपकथानक कापलं तर?

प्रयोगात ते बऱ्यापैकी छाटलं जातं. वेळेचा प्रश्न आहे, समजू शकतो. अभ्यासात छाटू नका.

रामलाल हा नाटकातला शहाणा माणूस. उपदेश तो करतो, भगीरथाला दारूतून तो बाहेर काढतो. आणि हाच माणूस जिला लेकीसारखी मानत होता त्या शरदकडे ओढला जातो. शरद आणि भगीरथ एकमेकांत गुंतलेले असताना रामलालच्या मनात मत्सर उठतो. मग त्याला स्वतःकडे पाहावं लागतं. म्हणजे मोहाचा पहिला घोट फक्त पेल्यात नसतो, हे नाटकाचं खरं सूत्र आहे आणि ते नायकाऐवजी त्याच्या सुधारकाकडून सिद्ध होतं. फरक इतकाच की रामलाल माघार घेऊ शकतो. का? तो अधिक चांगला आहे म्हणून, की त्याचा कुणी अपमान केलेला नाही म्हणून? या प्रश्नावर दहा गुणांचं उत्तर आरामात उभं राहतं.

शरदच्या निमित्ताने विधवाविवाहाचा विषयही येतो. कायदा 1856 चा. पुण्यात धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली विधवेशी लग्न केलं, 1896 साली विधवांसाठी आश्रम सुरू केला. 1919 च्या प्रेक्षकाला शरदचं प्रेम नवं नव्हतं, पण सवयीचंही झालेलं नव्हतं.

पद्माकर?

रागावणारा भाऊ. व्यवहाराचं बोलतो आणि बरेचदा बरोबर बोलतो. त्याच्यावर दोन वाक्यं पुरेत.

भाषा फार अलंकारिक आहे. माणसं अशी बोलतात का?

नाही बोलत, आणि तशी अपेक्षाही नव्हती. संगीत नाटकाचा प्रेक्षक कान देऊन बसायचा; कोट्या, उपमा, लांबच लांब वाक्यं ही त्याची मेजवानी होती. पण सगळी स्वगतं एकाच मापाची नाहीत. रामलालची भाषा व्याख्यानासारखी फुलते. सुधाकर मात्र दारू का सुटत नाही हे सांगतो, दारुड्याच्या तीन अवस्था उलगडतो, तेव्हा अलंकार असूनही ते बोलणं आतून आलेलं वाटतं. बुडणारा माणूस स्वतःच्या बुडण्याचं अचूक निदान करतो आणि तरी बुडतो. ते भाषण मोठ्याने वाचा. डोळ्यांनी वाचलं तर लांब वाटेल.

पदांचा विचार विश्लेषणात करायचा का?

करायचा, पण भूमिका म्हणून. ‘बघु नको मजकडे केविलवाणा’ हे पद सिंधू उपाशी बाळाला उद्देशून म्हणते. जे नवऱ्याला ती कधी बोलत नाही, ते तिथे बाहेर पडतं. पद काढून तो प्रवेश वाचला तर सिंधू निम्मी होते. सुंदराबाईंनी दिलेल्या चाली, बालगंधर्वांची गायकी, हे सगळं सुरेल खरं. पण ‘पदं कर्णमधुर आहेत’ या वाक्याला गुण मिळत नाहीत.

व्यक्तिरेखा आणि आशयसूत्र वेगवेगळं कसं लिहायचं?

वेगळं लिहू नका, त्यातच घोळ होतो. आधी एक प्रसंग निवडा, उदाहरणार्थ दारू सोडलेल्या सुधाकरचा पाणउतारा. त्यात कोण काय करतं ते लिहा. मग विचारा: याने सुधाकरबद्दल काय कळलं? समाजाबद्दल काय कळलं? पहिल्याचं उत्तर व्यक्तिरेखा, दुसऱ्याचं आशयसूत्र. प्रसंग एकच. आणि दुसरं पात्र सुधाकरबद्दल काय म्हणतं त्यावर विसंबू नका. तळीराम, रामलाल, पद्माकर तिघेही त्याच्याबद्दल अर्धवट खरं बोलतात.

स्पर्धेसाठी कोणता प्रवेश घ्यावा?

सगळे शेवटचा घेतात आणि परीक्षक पाचव्यांदा तोच बघून थकलेले असतात. गीतेचा एखादा प्रवेश घ्या. किंवा डॉक्टर-वैद्यांचा, वेग सांभाळता येत असेल तर. सुधाकर करायचाच असेल तर झोकांड्या कमी खा. नशा ही चालीत दाखवायची गोष्ट असते खरी, पण सुधाकरची शरम आवाजात असते.

पुस्तक कुठे मिळेल? गाईड चालेल?

अप्पा बळवंत चौकात कुठल्याही मोठ्या दुकानात विचारा, नाहीतर वाचनालयात. प्रताधिकाराची मुदत कधीच संपली आहे, त्यामुळे आवृत्त्या अनेक. पदांसह असलेली पूर्ण संहिता घ्या, ‘रंगावृत्ती’ घेतलीत तर रामलालचा अर्धा भाग गायब असेल. गाईड शेवटच्या रात्री उघडलंत तर आम्ही काही म्हणणार नाही. पहिल्या रात्री उघडू नका.

संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा काढून टाकला, तो या नाटकामुळे का?

नाही. जानेवारी 2017 मधला तो प्रकार ‘राजसंन्यास’ या त्यांच्या अपूर्ण नाटकावरून झाला होता. ‘एकच प्याला’च्या उत्तरात तो आणू नका; दर वर्षी दोघे-तिघे आणतात.